मालदांडी ज्वारी : ओल आणि हात

मालदांडी हे रब्बी ज्वारीचे वाण आहे. सोलापूर जिल्हा, त्याला लागून असलेला धाराशिव, बीड आणि अहिल्यानगरचा कोरडवाहू भाग, सांगलीचा जत तालुका आणि सीमेपलीकडचे विजयपूर, कलबुर्गी हा तिचा मुलूख. भीमा आणि माण या नद्यांच्या काठची काळी जमीन तिला विशेष मानवते. मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार म्हणतात ते याच जमिनीमुळे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण तिचा लौकिक त्याआधी कित्येक शतकांचा आहे. पंधराव्या शतकात बिदरच्या बहमनी सुलतानाच्या चाकरीत असलेल्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे लोकांसाठी उघडली, असे परंपरा सांगते, आणि ती कोठारे याच गावातली होती.

या भागात मालदांडी नावाची गावरान ज्वारी पूर्वीपासून पेरली जात होती. १९३०च्या दशकात सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या संशोधन केंद्रात तिच्यातूनच चांगली ताटे निवडून, त्यांचे बी वेगळे वाढवून ‘एम ३५-१’ हे वाण तयार केले गेले. त्यात संकर नव्हता. शेतकरी खळ्यावर नजरेने करत आला होता तीच निवड इथे शिस्तीने आणि नोंदी ठेवून झाली. त्यानंतर ज्वारीत संकरित वाणांचे युग आले, १९६४ मध्ये ‘सीएसएच-१’ आला, खरिपाचे चित्र पालटले. पण रब्बीत मालदांडी जागची हलली नाही. ऐंशीहून अधिक वर्षे शेतात टिकून राहिलेली धान्याची वाणे फार थोडी आहेत. बाजारात गावरान मालदांडी आणि ‘३५-१’ यांत कोणी फरक करत नाही. दोन्हींना मालदांडीच म्हणतात. केंद्र सरकारच्या हमीभावाच्या यादीतसुद्धा ज्वारीच्या दोनच ओळी असतात, एक संकरित आणि दुसरी मालदांडी. २०२४-२५ च्या हंगामात संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३३७१ रुपये होता आणि मालदांडीचा ३४२१. फरक पन्नासच रुपयांचा. खुल्या बाजारात चांगल्या प्रतीच्या मालदांडीला मिळणारा जादा दर पाहिला, तर हे पन्नास रुपये उपचारापुरतेच म्हणावे लागतील.

मालदांडीची शेती म्हणजे ओलीचा हिशेब. सोलापूर भागात पाऊस बेताचा, साधारण साडेपाचशे ते सातशे मिलिमीटर, आणि तोही लहरी. जून-जुलैत हुलकावण्या देणारा हा पाऊस सप्टेंबरात मात्र सहसा येतो; वर्षातला सर्वांत पावसाचा महिना इथे सप्टेंबर असतो. म्हणून खोल काळ्या रानात खरिपाचे पीक घेतच नाहीत. पावसाळाभर रान मोकळे ठेवायचे, तण उगवले की कुळवाची पाळी घालायची, पुन्हा उगवले की पुन्हा पाळी. बाहेरून येणाऱ्याला हे रान पडीक वाटते. प्रत्यक्षात त्या चार महिन्यांत रान पाणी पीत असते. एक मीटर खोलीची चांगली काळी जमीन दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी धरून ठेवते, आणि पुढचे चार महिने पिकाला मिळणारे बहुतेक पाणी तेवढेच. पेरणीनंतर एखादी सर आली तर आली. जुन्या शेतकऱ्यांनी बांध नीट ठेवण्यावर, उताराला आडव्या पाळ्या घालण्यावर जो भर दिला, त्याचे शास्त्र पुढे सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्रात मांडले गेले. हे केंद्र १९३३ मध्ये सुरू झाले आणि ना. वि. कानिटकरांचे तिथले काम देशातल्या कोरडवाहू शेतीच्या अभ्यासाचा पाया मानले जाते.

पेरणीची वेळ नक्षत्रावर ठरते. उत्तरा नक्षत्र हा उत्तम काळ, हस्त चालतो, चित्रा लागले की उशीर झाला असे समजायचे. कॅलेंडरच्या भाषेत सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरचा मध्य. लवकर पेरले तर खोडमाशी कोंब खाते, उशीर केला तर दाणा भरायच्या वेळी पायाखाली ओल उरत नाही. या दोन संकटांच्या मधली फट फार तर तीन-चार आठवड्यांची, आणि नेमका तेव्हाच हस्ताचा पाऊस रानात पाऊल टाकू देत नाही. वाफसा यायची वाट पाहायची आणि वाफसा आला की सगळ्या गावाने एकदम रानात उतरायचे. बैल आणि तिफण एकाच वेळी सर्वांना हव्या असतात, म्हणून सावड करून पेरण्या उरकण्याची रीत पडली. चाड्यावर मूठ धरणारा माणूस पारखलेला असावा लागतो. एकरी चार किलो बी, दोन ओळींत दीड फूट अंतर, बी पडायचे ते ओलीवर. मूठ सैल सुटली तर पीक दाट होते, आणि दाट ज्वारी ओल लवकर संपवून अर्ध्या वाटेत वाळते. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राने हे काम सोपे केले खरे, पण बी किती खोल पडते आहे हे ओळ उकरून पाहण्याची सवय चांगल्या शेतकऱ्याने अजून सोडलेली नाही. बियाण्याला गंधक चोळण्याची चालही आता सर्वत्र आहे. किलोला चार ग्रॅम गंधक काणीला अटकाव करतो.

ज्वारीच्या रानात मध्ये-मध्ये करडईच्या ओळी आणि कडेने करडईचा पट्टा असतो. करडईच्या काट्यांमुळे गुरे आत शिरत नाहीत, शिवाय घरच्या तेलाची सोय होते. हे पट्टे आता विरळ झाले, कारण करडई काढायला मजूर तयार होत नाहीत. काट्यांचे काम, हातमोजे घालूनही अंगाला टोचते.

उगवणीनंतरचे महत्त्वाचे काम कोळपणी. पहिली तिसऱ्या आठवड्यात, दुसरी पाचव्यात, तिसरी आठव्या आठवड्याच्या सुमारास. पहिल्या दोन कोळपण्या तणासाठी असतात, तिसरी मुख्यतः भेगांसाठी. काळी जमीन आटत जाते तशी फाटते, आणि भेगांतून खालची ओल उडून जाते. दातेरी कोळप्याने वरची दोन बोटे माती भुसभुशीत करून भेगा बुजवल्या की ओल खाली कोंडली जाते. एक कोळपणी म्हणजे एक पाणी, असे शेतकरी मानतात आणि त्यात अतिशयोक्ती फारशी नाही. विहिरीला पाणी असलेले लोक पीक पोटरीत असताना एखादे पाणी देतात. मात्र भेगाळलेल्या रानात पाणी सोडले की ते आधी भेगांत गडप होते आणि सरीच्या टोकाला पोहोचेपर्यंत रात्र उलटते.

कीडरोगांचा त्रास खरिपाच्या मानाने कमी. खोडमाशीमुळे पोंगा मरतो, खोडकिडा ताट पोखरतो, थंडीत मावा पडला की पाने चिकट होतात. त्याला लोक चिकटा पडला म्हणतात. मक्यावरची नवी लष्करी अळी २०१८ मध्ये भारतात आली आणि पुढे ज्वारीच्या पोंग्यातही दिसू लागली. सर्वांत फसवा रोग खडखड्या. दाणा भरण्याच्या वेळी ओल तुटली की जमिनीतली बुरशी खोडाच्या बुडात शिरते, आतला गर नाहीसा होतो आणि बाहेरून बरे दिसणारे पीक एका वाऱ्यात आडवे पडते. त्यावर नंतर फवारून काही होत नाही. पेरणी वेळेवर झाली असेल, ओळी विरळ असतील आणि ओल राखली असेल तर तो आटोक्यात राहतो. म्हणजे फिरून हिशेब ओलीवरच येतो.

डिसेंबरात पीक निसवते. पुरुषभर उंचीची ताटे, वर फुलोऱ्यात आलेली कणसे, पहाटेचे दव. मार्गशीर्ष अमावास्येला लातूर, धाराशिव आणि सोलापूरच्या काही भागात वेळ अमावास्या, बोलीत येळवस, साजरी होते. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करून तीत पांडवांची पूजा करतात. ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील, भज्जी, उंडे असा बेत असतो आणि त्या दिवशी गावे अक्षरशः ओस पडतात. शहरात नोकरीला गेलेली माणसे दिवाळीला चुकतील, येळवसेला चुकणार नाहीत. उभ्या पिकाचे डोहाळे पुरवण्याचा हा सण आहे आणि तो ज्वारीच्या वाढीच्या नेमक्या टप्प्यावर येतो.

त्यानंतर राखण. दाणा चिकात आला की पाखरे उतरतात. चिमण्या आणि पोपट नेहमीचे; पण खरे धास्तीचे पाहुणे भोरड्या. हिवाळ्यात देशाबाहेरून येणारे हे गुलाबी-काळे पक्षी हजारोंच्या थव्याने रानावर कोसळतात. त्या किडेही खातात, हे पक्षीनिरीक्षक सांगतात ते खोटे नाही. मात्र ज्याच्या रानात थवा बसला त्याला ते पटवणे अवघड. माच्यावर उभे राहून गोफण फिरवणे, पत्र्याचा डबा वाजवणे, हाळी देणे हे काम पूर्वी घरातल्या पोरांचे आणि म्हाताऱ्यांचे. पोरे शाळेत गेली, म्हातारे थकले, आणि एकट्यादुकट्याच्या रानात ज्वारी असली की सगळ्या शिवाराची पाखरे तिथेच येतात. ज्वारी सोडून देणाऱ्यांच्या तोंडी हे कारण वारंवार येते. शेजारी ऊस असेल तर मधल्या एकराची ज्वारी पाखरांच्या नावानेच पेरावी लागते.

हुरड्याचे दिवस थोडे. दाणा चीक सोडून मऊ झालेला असतो, पण वाळलेला नसतो, अशा आठ-दहा दिवसांत कणसे गोवऱ्यांच्या आगटीत भाजून तळहातावर चोळतात. हुरड्यासाठी खरी मान्यता गूळभेंडी आणि सुरती या वाणांची. त्यांचा दाणा गोड आणि बोंडातून सहज सुटणारा. मालदांडीचा हुरडा चांगला लागतो, तरी ती भाकरीची ज्वारी आहे. हुरडा पार्ट्यांच्या धंद्यात मालदांडी गूळभेंडी म्हणून खपवली जाते, ते तज्ज्ञ जिभेला लगेच कळते.

पीक तयार व्हायला ११५ ते १२० दिवस लागतात. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की दाणा पक्व झाला असे समजतात. त्यानंतरचे काम काढणीचे, आणि मालदांडीच्या साऱ्या कष्टांचे सार याच कामात आहे.

रब्बी ज्वारी कापत नाहीत, उपटतात. बाहेरच्याला हा अडाणीपणा वाटतो, पण त्यामागे कारणे आहेत. कापले तर धसकटे रानात राहतात, अनवाणी पायाला आणि बैलाच्या खुराला लागतात, पुढच्या कुळवणीला अडतात. उपटले तर ताटाची चार बोटे लांबी जास्त मिळते आणि कडबा मोजून विकायचा असल्याने तीही मोलाची. शिवाय फेब्रुवारीत भेगाळलेल्या जमिनीतून ताट मुळासकट येते. विळा चालवण्यापेक्षा ते जलद होते. दोन्ही हातांनी दोन-तीन ताटे बुडाजवळ धरायची, पाय रोवायचा, हिसका द्यायचा, मुळांना आलेले ढेकूळ पायावर किंवा शेजारच्या ताटावर आपटून झाडायचे, ताटे आडवी टाकायची आणि पुढे सरकायचे. दिवसभर हेच. पहाटे दवाने पाने मऊ असतात, तेव्हा काम सरते. ऊन चढले की पानांच्या कडा हाताला कापतात आणि कणसांची कूस मानेवर, अंगावर चिकटून खाज सुटते. पहिल्या दिवशी तळहाताला फोड येतात, तिसऱ्या दिवशी ते फुटतात, आठवड्यात हात बनतो. बायका हाताला चिंध्या बांधतात, अंगात नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा घालतात आणि तोंडावरून पदर घट्ट आवळून घेतात.

माणसे पात धरून उभी राहतात. पातीतला वेगवान माणूस पुढे गेला की बाकीच्यांना ओढ बसते. म्हणून मुकादम पात लावताना धडधाकट गडी एका टोकाला ठेवतो आणि नवख्यांना मध्ये घेतो. आता बहुतेक काम उक्ते असते. नवरा-बायकोची जोडी एकरावर ठरवून घेते, पहाटे चारला रानात येते आणि उन्हाच्या आत आपला तुकडा उरकते. उपटलेली ताटे एक-दोन दिवस पडून सुकली की पेंढ्या बांधतात. बंदासाठी सुतळी लागत नाही. ज्वारीचेच ताट पिळून त्याचा बंद होतो. पिळताना ते तुटू नये याचे कसब आहे आणि ते पाहून शिकण्याखेरीज मार्ग नाही. पेंढ्या उभ्या करून बुचाड लावतात, म्हणजे अवकाळी आला तरी कणसे जमिनीला टेकून काळी पडत नाहीत. पुढे कणसे मोडून घेतात. मोडणीला बायका बसतात, एका हाताने पेंढी फिरवत दुसऱ्या हातातल्या विळ्याने कणीस उतरवतात. मजुरी पैशांत ठरली तरी संध्याकाळी डोक्यावरून चार पेंढ्या घरच्या शेळीसाठी नेण्याचा हक्क बहुतेक गावांत मानला जातो. रान रिकामे झाले की सरवा वेचायला म्हाताऱ्या बायका आणि पोरे येतात; त्यांना हटकणे कमीपणाचे समजतात.

कणसे खळ्यावर आली की रास. पूर्वी खळे म्हणजे आठवडाभराचे काम होते: जमीन ओली करून चोपायची, शेणाने सारवायची, मधोमध तिवडा रोवून त्याभोवती बैलांची पात फिरवायची, मग वाऱ्याची दिशा पाहून वावडीवर उभे राहून उपणायचे. वारा पडला की माणसे बसून राहत आणि रात्री-अपरात्री सुटला की उठत. आता मळणी यंत्र येते. सोलापूरकडे त्याला हडंबा म्हणतात. ट्रॅक्टरवर चालणारा हडंबा दिवसाचे काम दोन तासांत करतो, मजुरी पोत्यावर घेतो आणि मागे धुरळ्याचा लोट सोडतो. त्या धुरळ्यात उभे राहणे हे राशीच्या कामातले सर्वांत वाईट काम. नाकाला फडके बांधूनही खोकला चार दिवस जात नाही. हडंब्याने कष्ट कमी केले ते मळणीचे. उपटणे, बांधणे, मोडणे ही तिन्ही कामे अजून हातांवरच आहेत. कम्बाइन हार्वेस्टर कणीस घेतो, पण कडबा तुडवून टाकतो, आणि कडब्याशिवाय मालदांडी कोणी पेरतच नाही. उपटायला सोपे जावे म्हणून चिमट्यासारखी साधी अवजारे आली. ती कमरेला थोडा दिलासा देतात, माणूस मात्र तेवढाच लागतो.

कडबा हे मालदांडीचे दुय्यम उत्पन्न नाही. कोरडवाहू रानात दाणा हेक्टरी आठ-दहा क्विंटल उतरला तरी समाधान मानतात. चांगल्या ओलीला तो आणखी वाढतो. कडबा मात्र वजनाने दाण्याच्या कित्येक पट असतो. मालदांडीचे ताट गोडसर, पानाळ आणि कुट्टीला मऊ, त्यामुळे गुरे ते बुडापर्यंत खातात. काही सुधारित वाणांचा जाड धांडा ती गव्हाणीत टाकून देतात. नवे वाण पाहायला आलेला शेतकरी आधी कणीस बघत नाही, ताट मोडून चावून बघतो. पाच पेंढ्यांचा पाचुंदा, शंभर पेंढ्यांचा शेकडा अशी मोजणी चालते, आणि पेंढी केवढी यावरून खरेदीदाराशी वाद ठरलेला. दुष्काळी वर्षी कडब्याचा पैसा दाण्याच्या पैशाला मागे टाकतो. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात चारा छावण्या उघडाव्या लागल्या, तेव्हा ज्यांच्या दारात कडब्याची गंज उभी होती त्यांना दावणी मोडाव्या लागल्या नाहीत. एक सावधगिरी सर्वांनाच माहीत असते. कोवळी किंवा पाण्याच्या ताणात खुरटलेली ज्वारी जनावराने खाल्ली तर पोटात हायड्रोसायनिक आम्ल तयार होऊन ते तासाभरात दगावू शकते. म्हणून उभ्या पिकात गुरे सोडत नाहीत; वाळलेल्या कडब्यात ते विष बहुतांशी उडून गेलेले असते.

साठवणीसाठी पूर्वी पेव, बळद आणि कणगी अशी तीन साधने होती. त्यांतले पेव म्हणजे जमिनीतली कोठडी: आत कडब्याचा आणि भुसाचा थर, तोंडावर दगड आणि माती. हवा कोंडली जात असल्याने किडा जगत नाही आणि ज्वारी वर्षानुवर्षे राहते. उघडल्यावर आत लगेच उतरायचे नाही, कारण दाण्याच्या श्वसनाने कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो. दिवा सोडून तो विझत नाही ना हे पाहायचे. दुष्काळी मुलखात दोन वर्षांची ज्वारी घरात असणे हीच श्रीमंती होती. आता पेवे बुजली, पत्र्याच्या कोठ्या आल्या.

मालदांडीचा दाणा टपोरा, मोत्यासारखा पांढरा आणि चकचकीत असतो. पीक पावसाळा संपल्यावर पिकते, म्हणून दाण्यावर बुरशी चढत नाही; खरिपाच्या संकरित ज्वारीचा दाणा परतीच्या पावसात सापडून काळा पडतो आणि तिची भाकरी म्हणूनच मागे पडली. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेला मिलो, म्हणजे तांबडी ज्वारी, रेशनवर मिळाला. तो खाऊन जगलेल्या पिढीने भाकरीच्या बाबतीत नंतर तडजोड केली नाही, असे म्हणायला हरकत नाही. मालदांडीच्या पिठाला चांगली विरी असते. ज्वारीत गव्हासारखे ग्लुटेन नसते, त्यामुळे पीठ ताजे आणि पाणी कढत लागते. दळण जुने झाले की थापताना भाकरीला चिरा जातात. म्हणूनच या भागातल्या बायका एका वेळी चार-आठ दिवसांचेच दळण आणतात. गिरणीवाल्यालाही सांगावे लागते की आधी गहू दळला असेल तर जाते झाडून घे. सोलापूरची कडक भाकरी हा याच पिठाचा दुसरा अवतार. पातळ थापून, भाजून, मग आरावर पुन्हा खरपूस करून ती वाळवली की महिनाभर टिकते. पूर्वी ती प्रवासाची आणि वारीची शिदोरी होती; आता बचत गटांच्या बायका पाकिटे भरून पुण्या-मुंबईला पाठवतात आणि शेंगांच्या चटणीबरोबर ती परदेशातही जाते.

एवढे असूनही मालदांडीचे रान कमी होत गेले. देशात १९७० च्या सुमारास ज्वारीखाली पावणेदोन कोटी हेक्टरांच्या आसपास जमीन होती. आता ती चाळीस लाख हेक्टरांच्या घरात आली आहे. कारणे पुष्कळ सांगितली जातात. रेशनवर स्वस्त गहू-तांदूळ आले, खाण्याची सवय बदलली. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि भीमाकाठची पूर्वीची ज्वारीची राने उसाखाली गेली. सांगोल्याकडे डाळिंब आले. ही सगळी खरी आहेत. तरी जिथे कालव्याचे पाणी पोहोचले नाही, ऊस होत नाही, अशा गावांतही ज्वारी घटली आणि तिची जागा हरभऱ्याने घेतली, त्याचा उलगडा पाणी किंवा रेशन यांनी होत नाही. हरभराही ओलीवरच येतो, पण तो गुडघ्याएवढा, काढायला सोपा, यंत्रात सरळ जाणारा. एक एकर ज्वारी उपटायला, बांधायला, मोडायला लागणारी माणसे फेब्रुवारीत मिळत नाहीत. त्याच महिन्यात ऊसतोड चालू असते, द्राक्षबागांत काम असते आणि तिथली मजुरी जास्त. मालदांडी मागे पडली ती काढणीला हात मिळेनात म्हणून. संशोधनाचा बराच भर अजून उत्पादन वाढवण्यावर आहे. यंत्राने उपटता येईल आणि कडबाही शाबूत राहील अशी सोय झाली असती, तर चित्र वेगळे दिसले असते.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, ज्वारीला ‘श्री अन्न’ हे नाव मिळाले आणि शहरी दुकानांत ज्वारीचा रवा, पोहे, बिस्किटे दिसू लागली. दर काही हंगाम चढे राहिले. त्याने पेरा किंचित सावरला, पण बिस्किटवाल्याला मालदांडीच हवी असे नसते. त्याला कोणतीही स्वस्त ज्वारी चालते. मालदांडीचे गिऱ्हाईक आहे ते भाकरी खाणारे घर आणि गोठ्यात जनावर असलेला माणूस.

नव्या वाणांची स्पर्धा वेगळ्या प्रकारची आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने जमिनीच्या खोलीप्रमाणे वाणे दिली: हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारी जमिनीला फुले वसुधा आणि फुले रेवती. परभणीहून परभणी मोती आली. हुरड्यासाठी फुले उत्तरा, लाह्यांसाठी फुले पंचमी, पापडासाठी फुले रोहिणी अशी खास कामाचीही वाणे आहेत. भारी रानात वसुधा मालदांडीपेक्षा जास्त उतरते हे शेतकरी मान्य करतात. तरी या सर्वांची तुलना अजून मालदांडीशीच होते, दाण्याच्या चकाकीत आणि ताटाच्या गोडीत. शिफारशीत मालदांडीचे नाव मध्यम जमिनीसाठी कायम आहे.

बियाण्याचा प्रश्न मालदांडीत सोपा आहे. ज्वारी बहुतांशी स्वपरागित असल्याने घरचे बी पुढच्या वर्षी तसेच उगवते. काही टक्के परपराग होतोच, त्यामुळे शेजारी दुसरे वाण असेल तर हळूहळू भेसळ दिसू लागते: एखादे ताट उंच, एखादे कणीस मोकळे, दाण्यावर तांबूस झाक. म्हणून जाणते शेतकरी उभ्या पिकात फिरून शेताच्या मधल्या भागातली भरगच्च, एकसारखी कणसे फडक्याची चिंधी बांधून खुणावतात, ती आधी वेगळी काढतात, काठीने बडवून वेगळी राखतात आणि राखेत मिसळून मडक्यात ठेवतात. तीन-चार वर्षांनी एकदा विद्यापीठाचे किंवा महाबीजचे बी आणून ते बदलावे, अशी शिफारस आहे. पाच एकर ज्वारी पेरणारे आता एकरभरच पेरतात, घरच्या भाकरीपुरती आणि दोन जनावरांच्या वैरणीपुरती. त्या एकरासाठी लागणारे चार किलो बी बहुतेकांकडे घरचेच असते.